लेकरू आजारी हाय, बाबा

बाबा, आज सकाळी तुमच्या नातवाचा डबा द्यायला उस्मानपुऱ्यातल्या गॅरेजवर गेले होते. परत येताना तुमची पोलीस चौकी आठवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमचा डबा मीच आणायचे. अकरा-बारा वर्षांची असेन. एका दुपारी पायरीवर एक बाई बसलेली. नशेच्या गोळ्या खाऊन बाजारात पडलेला तिचा तरणा मुलगा आत होता, आणि त्याला मारल्याचा आवाज बाहेर येत होता. तुम्ही बाह्या खाली करत बाहेर आलात तशी तिनं तुमचे पाय धरले. "साहेब, मारू नका हो. लेकरू आजारी हाय माझं." तुम्ही पाय सोडवून घेतलात. "आजारी नाय, माजलंय ते," म्हणालात, आणि माझ्याकडं वळून विचारलंत, "आज भाजी काय गं?" मी शेपू म्हणाले. मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

तुम्ही दुष्ट नव्हतात, हे मला इतर कुणापेक्षा जास्त माहीत आहे. त्याच वर्षी मला टायफॉईड झाला. तुम्ही नको नको म्हणत असताना शाळेबाहेरचे बर्फाचे गोळे मीच खाल्ले होते. तरी रजा टाकून तुम्ही उशाशी बसलात, कपाळावरची पट्टी बदलत राहिलात, एका शब्दानं रागावला नाहीत. आजारी लेकराशी कसं वागायचं ते तुम्हाला चांगलं येत होतं, बाबा.

गेल्या वर्षी पोलीस ठाण्यातून मला फोन आला. तुमचा नातू सापडला होता, खिशात झोपेच्या गोळ्यांची पाकिटं. इथली पोरं त्यांना बटन म्हणतात. तो घरी जेवायचा नाही, डोळे तारवटलेले असायचे, आणि मी कामाचा थकवा समजत होते. मी बाकासमोर उभी आहे, तो भिंतीला टेकून खाली बसलाय, आणि माझ्या तोंडून निघतं, "मॅडम, मारू नका. लेकरू आजारी हाय माझं." बोलून झाल्यावर मला कळलं, हे मी कुठं ऐकलं होतं.

फौजदार बाई माझ्यापेक्षा वयानं बरीच लहान. तिनं खुर्ची पुढं केली. "बसा ताई. कुणी मारत नाय. विकणारा आम्हाला पाहिजेच, ह्याला दवाखाना पाहिजे." माझ्यासमोरच तिनं सरकारी दवाखान्यात फोन लावला.

तिथल्या डॉक्टरांनी त्याला विचारलं, "कधीपासून? दिवसाला किती?" सर्दी-खोकल्याचं विचारावं तसं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "एकदम बंद करायची नाही, झटके येतात. हळूहळू कमी करू." दोन महिन्यांनी तो पुन्हा घसरला. मी त्याला ओढतच दवाखान्यात नेलं, वाटेत नाही नाही ते बोलले. डॉक्टर त्याला एवढंच म्हणाले, "परत आलास ना? मग बस." तो ढसाढसा रडला. लहानपणानंतर मी त्याला तसं रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आता आठ महिने झाले, पुन्हा घसरला नाही. हात थरथरत नाहीत, स्क्रू घट्ट बसतो म्हणून मालक खूश आहे. काल पिठलं दोनदा मागून घेतलं. दर गुरुवारी दवाखान्यात त्याच्यासारख्या चौघांबरोबर बसतो, मागच्या वेळी एका नव्या पोराला तोच म्हणाला, "भिऊ नको, इथं कुणी वरडत नाय."

ती बाई कोण होती, तिच्या मुलाचं काय झालं, मला माहीत नाही. तुम्हाला तरी कधी कळलं का? त्या काळी तिच्या मुलाला पाठवायला तुमच्याकडं जागाच नव्हती, असं मी स्वतःला समजावते. कधी पटतं, कधी नाही.

हे पत्र घडी घालून साड्यांखाली ठेवते आहे. एक मात्र सांगायचं राहिलं. आजार आहे, आजार आहे, म्हणून एवढं लिहिलं खरं. पण शेजारणींनी पोरगा का वाळला होता म्हणून विचारलं, तर मी अजून कावीळ झाली होती असंच सांगते.