बाराचा पाढा

४ मे

चक्क अर्धी फेरी! मैदानाची, न थांबता! सकाळचे सात आणि ऊन असं तापलेलं, की विचारू नका. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी पंप घेतला, पंधरा मिनिटं बसून राहिले, मगच निघाले. 'दमा आहे म्हणून घरात कोंडून घेऊ नका, पण उन्हाशी मस्तीही नको' — इति बाई.

पळताना मोठ्याने बाराचा पाढा. फिरायला आलेल्या दोन आजोबांनी वळून पाहिलं. बघू देत! बारा नव्वेला अडले आणि थांबले. दादाचा नियमच तो. दम लागून पाढा अडला की पाय थांबवायचे. वाद नाही, रड नाही.

६ मे

दिवसभर दुकानात चष्म्यांच्या दांड्या सरळ केल्या, स्क्रू आवळले. हात कामात, मन त्या उन्हाळ्यात. मी चौदाची. 'हिला पळवू नका रे' हेच सगळ्यांच्या तोंडी. आई तर जिना चढले तरी ओरडायची. आणि दादा, हा पठ्ठ्या, सायकल घेऊन दारात हजर! मी पुढे, तो मागून, माझा पंप त्याच्या शर्टाच्या खिशात. 'मोठ्याने म्हण, मला ऐकू आलं पाहिजे!'

मी अडले की तो ब्रेक दाबायचा. मग माझ्याभोवती गोल गोल फिरत, हँडल सोडून, उरलेला पाढा एका दमात स्वतः म्हणायचा. शहाणा कुठला! हसून हसून मला खोकला यायचा. काय सुख होतं ते! परत मिळेल का?

९ मे

धूळ. छाती घरघरतेय. आज पळणं बंद.

११ मे

दादाचा फोन — येत्या रविवारी येतोय! शेजाऱ्यांची सायकल मागून ठेवू का, विचारलं. 'बघू.' हल्ली त्याचं सगळं 'हं', 'बघू', 'तू बोल, मी ऐकतो'. एकेकाळी याला फोन ठेव म्हणून सांगावं लागायचं! मग वहिनी आली फोनवर. 'वय झालं गं ह्यांचं,' म्हणाली आणि विषय बदलला. मला रागच आला. साठीही नाही आली अजून, कसलं वय! आता पुरी फेरी पळूनच दाखवते त्याला. आणि तो सायकलवर हवाच.

१५ मे

पुरी फेरी!!! पाढा एकदाही न अडता! दादाला सांगितलेलं नाही. रविवारी बघेलच.

१८ मे

आला. बारीक झालाय. सकाळी मैदानावर गेलो. सायकल नुसती हाताने ढकलत आणली त्याने, बसला नाही. 'तू पळ. मी आहे बाकावर.'

पळाले. घसा फोडून पाढा म्हणत, अख्खी फेरी. तो टाळ्या वाजवत होता, डोळे भरलेले.

'आता तू!' म्हटलं. 'एका दमात, पूर्वीसारखा!'

'बारा एके बारा,' म्हणाला. 'बारा दुणे... चोवीस. बारा त्रिक...'

पुढे काही येईना. खांदे वरखाली, तोंड उघडं. आत्ता कळलं मला ते 'तू बोल, मी ऐकतो'.

'दादा, थांब. पाढा अडला की थांबायचं.'

श्वास जागेवर आल्यावर हसला.

'अगं, मी बसलोच तर आहे.'