डोंगरवाटेवर आधी कोण

१८ सप्टेंबर

ज्या दयाघनाने मनुष्याला गुडघे दिले, आणि ते दुखू लागल्यावर आपली आठवण काढण्याची बुद्धीही दिली, त्याच्या कृपेला प्रथम वंदन असो. आता विषय. मी डोंगरातील मॅरेथॉन धावणार आहे!

हे पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे.

कारण असे. आमच्या लेकीच्या मुलीला अजून नाव नाही. तूर्त सगळे तिला ठमी म्हणतात. सारा जन्म पाठशाळेत शास्त्रे शिकवण्यात गेला. तेव्हा मी ग्रंथ धुंडाळून तिच्यासाठी एक नाव काढले – सात अक्षरी, तीन जोडाक्षरे, अर्थ असा की ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत. व्याह्यांनी, म्हणजे जावयाच्या वडिलांनी, दोन अक्षरी नाव सुचवले. ते निवृत्त पूल-अभियंते. जास्तीचे वजन त्यांना कुठेच खपत नाही.

"सात अक्षरं? व्याहीबुवा, क्षमा असावी, पण ही मालगाडी झाली."

"आणि आपल्या दोन अक्षरांत, राग नसावा, साधी शिंकही मावायची नाही."

आम्ही हे अत्यंत आदराने बोलतो. आमच्यात कधी आवाज चढत नाही. म्हणूनच भांडण मिटत नाही, असे ही म्हणते.

जानेवारीत जावई नोकरीसाठी परदेशी जाणार, लेक आणि ठमी बरोबर. पारपत्राला नाव हवे. आज लेकीकडे जेवणाच्या टेबलाशी आम्ही पुन्हा सुरू झालो तशी तिने वरणाचा डाव आपटला. फ्रिजवर दरवर्षीच्या डोंगर-मॅरेथॉनची जाहिरात लावलेली आहे; ती स्वतः धावते, यंदा बाळामुळे नाही. तिकडे बोट दाखवून म्हणाली, "जा! दोघं धावा! जो आधी डोंगर उतरेल त्यानं नाव ठेवा, पण माझं डोकं खाऊ नका!"

मी आयुष्यभर उच्चारलेल्या शब्दाला प्रमाण मानले. व्याहीही अटी-शर्तींचे मनुष्य. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि एकाच वेळी म्हणालो, "मान्य."

२१ सप्टेंबर

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, गुडघे वाकवले, विषय ऐकला. म्हणाले, "बसा."

"धावण्यापूर्वी किती वेळ?"

"कायमचे."

मग साठीपुढच्यांनी अर्ध्या वाटेवरूनच निघायचे आहे, हे मी सांगितले. ते जरा निवळले. सावकाश चालायची परवानगी मिळाली. 'सावकाश' या शब्दावर मी मनन करीत आहे.

२९ सप्टेंबर

नवे बूट आले. पोपटी रंगाचे! दुकानदार म्हणाला, "काका, जंगलात हरवलात तर लांबून दिसाल." आणि अर्धी विजार. आरशासमोर उभा राहिलो. देहाच्या नश्वरतेवर मी अनेक प्रवचने केली. दृष्टान्त एवढा जवळ होता हे ठाऊक नव्हते.

ही म्हणाली, "जिना चढताना दोनदा टेकता, आणि डोंगर! तिकडून खांद्यावर आणावं लागलं तर मी येणार नाही हं."

२ ऑक्टोबर

आज प्रथमच रस्त्यावर धावलो. म्हातारा धावताना दिसला की लोक त्याच्याकडे पाहत नाहीत. त्याच्या मागे काय लागले आहे ते पाहतात. समोरच्या वकीलबाई खिडकीतून ओरडल्या, "काय झालं? कोणाला बोलावू का?" कोपऱ्यावरचा शिंपी तर चार पावले माझ्याबरोबर धावला. मग विचारले, "कुठं लागलीय?" – आग, असे त्याच्या मनात होते.

९ ऑक्टोबर

बागेत व्याही दिसले. मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजत होते. मला पाहताच बाकावर बसले.

"आपण इकडे कुठे?"

"भाजी आणायला."

"बागेत?"

"आपण?"

"मीही भाजीच."

दोघेही पोपटी बुटांत. त्याच दुकानातले!

उठताना "आधी आपण" – "छे, आपण वडील" – "आपण मुलाकडचे" – असे बराच वेळ चालले. ते माझ्याहून काही महिन्यांनी मोठे. पण मान मात्र मलाच देतात. शेवटी माळ्याने नळ सोडला म्हणून दोघे एकदम उठलो.

२३ ऑक्टोबर

गुडघा.

३० ऑक्टोबर

ठमीला मांडीवर घेऊन तिचे – माझ्या मते तिचे – नाव हळू आवाजात म्हणून पाहिले. ती तिसऱ्या जोडाक्षरापर्यंत जागी होती.

जिथे ती जाणार तिथे माझा एकही ग्रंथ नाही, माझी भाषा नाही, मी नाही. मी तिला काय देणार? बांगड्या घट्ट होतात, झबली विरतात. नाव तेवढे मरेपर्यंत अंगावर राहते. म्हणून हा हट्ट. हे इथेच लिहितो. लेकीपुढे बोलायला गेलो तर गळा दाटतो, आणि तिला वाटते खोकला आहे.

९ नोव्हेंबर

परमेश्वरा! कालचा दिवस लिहितो. बोटे सोडून सर्व अवयव दुखत आहेत.

पहाटेच्या गाडीने आम्हा साठीपुढच्यांना अर्ध्या वाटेवर, रानात सोडले. बाकीचे धावक खालून केव्हाच निघाले होते आणि मागाहून आम्हाला गाठणार होते. उंच झाडी, दव, मुळे पायांत येणारी, फांद्यांना लाल फिती बांधून वाट दाखवलेली. एक गृहस्थ गळ्यात शिटी अडकवून सूचना देत होते: "पुढे वाट अरुंद आहे. मागचा आला की बाजूला व्हा. बस्स, एवढंच." एवढेच! त्या सद्गृहस्थाला व्याही नसावेत.

मी पुढे होतो. हे गर्वाने लिहीत नाही; व्याह्यांच्या बुटाची नाडी सुटली होती. चढ संपला आणि डोंगराची धार लागली – एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपे, मध्ये एका माणसापुरती पायवाट. तिथे मागून ओळखीचा श्वास ऐकू आला. व्याही!

आता काय करावे? पुढे धावावे तर व्याह्यांना पाठ दाखवल्यासारखे होते. बाजूला व्हावे तर नाव गेले. पण संस्कार पायांपेक्षा वेगवान असतात. मी झुडपाला टेकून उभा राहिलो आणि हात पुढे केला.

"आधी आपण."

व्याही धापा टाकत थांबले. ओलांडून गेले असते तर जिंकले असते! पण ते म्हणाले, "छे, छे. व्याह्यांना ओलांडून जायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक कुठे आहेत इथे?"

तेवढ्यात लोक आले.

एक तरुण, कपाळाला पट्टा. "आजोबा, जरा बाजूला." आम्ही दोघांनीही त्याला सांगितले की आम्ही बाजूलाच होत आहोत, फक्त आधी कोणी व्हायचे ते ठरत नाही. त्याच्यामागे दुसरा आला. मग पाच-सहा. मग ओळ वळणाआड गेली.

"काय झालंय पुढे?"

"दोन आजोबा अडकलेत."

"दरीत?"

"नाही, आग्रहात!"

वळणापलीकडून आवाज आला, "पुढे काय वाटतायत?" तिकडे कोणीतरी पेला काढून तयार ठेवला, म्हणे. एका बाईंनी विचारले, "लग्नाची माणसं आहेत का?" त्यावर पट्टेवाला म्हणाला, "वाटतं तरी तसंच." आणि मग – लोकांना बाजू घेतल्याशिवाय राहवत नाही – मागून ओरडा सुरू झाला. "मुलाकडच्यांना आधी जाऊ द्या!" "वा! मुलीचा बाप काय रस्त्यावर पडलाय?" डोंगराच्या धारेवर, घामाने निथळणाऱ्या, जीव तोडून धावत आलेल्या माणसांत तट पडले!

शिटीवाले गृहस्थ धावत आले. "कोणी पडलंय का? दुखापत?"

"कोणी नाही. आमचा आग्रह चालला आहे."

"कसला?"

"पुढे जाण्याचा. एकमेकांना."

त्यांनी शिटी तोंडातून काढली, आमच्याकडे पाहिले, पुन्हा तोंडात घातली. वाजवली नाही.

तोडगा व्याह्यांनी काढला. पूल बांधणाऱ्याची बुद्धी! म्हणाले, "दोघे समोरासमोर तोंड करू, हात धरू, आणि आडवे चालू. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही." आधी काटे सोसून झुडपांत घुसलो आणि सर्वांना जाऊ दिले. जाणारा प्रत्येक जण काहीतरी बोलून गेला. ते लिहीत नाही. मग वाट मोकळी झाली आणि आम्ही खेकड्यासारखे उतरू लागलो. माझी पाठ कड्याकडे, त्यांची झुडपांकडे.

इतकी वर्षे सोयरीक. इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे, फार लांब. खाली पाहिले की भोवळ येते म्हणून मी त्या केसाकडे पाहत चाललो.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "एक विचारू? ती मला ओळखेल का हो? परत येईल तेव्हा?"

मी केस सोडून त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले.

"फोनवर तिला धड ऐकू येणार नाही," ते म्हणाले. "म्हणून दोन अक्षरं. कितीही खरखर असली तरी पोचतील. एवढाच हिशेब होता माझा, दुसरं काही नाही."

तेव्हा मीही सांगितले. मोठे नाव हाक मारायला वेळ लागतो. तेवढा वेळ तरी तिला आपल्याकडे तोंड करून उभे राहावे लागेल.

त्यांनी माझे हात घट्ट धरले. भावनेने असेल, किंवा तिथे खरोखर निसरडे होते म्हणून असेल.

तळाला पोचलो तेव्हा मैदान रिकामे झाले होते. शेवटच्या रेषेवर हवा भरलेली कापडी कमान उभी होती. पलीकडे ही आणि विहीणबाई घडीच्या खुर्च्यांवर चहा पीत. लेक ठमीला घेऊन उभी. आम्ही रेषेच्या एक पाऊल अलीकडे थांबलो.

"आधी आपण."

"मुळीच नाही. आपण."

"अहो, आता तरी या!" ही ओरडली. विहीणबाई म्हणाल्या, "राहू द्या हो, जेवायच्या वेळेला येतील." कामगारांना घरी जायचे होते. त्यांनी कमानीची हवा सोडली. ती हळूहळू, एखाद्या दमलेल्या हत्तीसारखी, आम्हा दोघांवर बसली. आत अंधार. कापडाला प्लॅस्टिकचा वास. कोणीतरी ओढले, कोणीतरी ढकलले. बाहेर काढले तेव्हा दोघेही रेषेपलीकडे होतो. आधी कोण आले, हे जगात कोणालाही ठाऊक नाही.

लेक हसता हसता खाली बसली. "बाबा, मी ते रागानं म्हटलं होतं हो!"

"मग आधी सांगायचे नाही का?"

"चारदा सांगितलं! तुम्ही बुटांकडे बघत होता."

१२ नोव्हेंबर

व्याही काठी टेकत आले. म्हणाले, विचार केला. नाव आपलेच ठेवावे, सात अक्षरी. पाठ केले आहे – आणि म्हणून दाखवले, तिन्ही जोडाक्षरांसह, शुद्ध! मी गहिवरलो. पण तोवर मीही ठरवून बसलो होतो की दोन अक्षरीच ठेवायचे. तसे सांगितले.

"छे, आपलंच!"

"अशक्य. आपलेच!"

आता पूर्वीपेक्षा वाईट भांडण झाले आहे.

१५ नोव्हेंबर

जावयाने निरोप दिला: संध्याकाळी या, नाव आज ठरलेच पाहिजे. दोघे पोचलो. खोलीच्या दारात मी थांबलो, ते थांबले. "आधी आपण." "आधी आपण." आतून लेकीचे बोलणे ऐकू येत होते. मग विहीणबाई आणि ही, दोघींचे एकदम "वा! छान!"

नाव ठेवून झाले होते. लेकीनेच ठेवले. आमच्यापैकी कोणाचेही नाही.

कोणते, हे आम्ही विचारले नाही. आधी कोणी विचारायचे? तसेच परत आलो, फाटकातून एकेक पाऊल, बरोबरीने.

१६ नोव्हेंबर

आज व्याही लेकीच्या दारात उभेच होते. ते हात पुढे करणार एवढ्यात मी त्यांच्या शेजारून आत गेलो. आयुष्यात प्रथमच! लेकीला विचारले, "हिचे नाव काय?" तिने सांगितले. ठमी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी थांबलो नाही, मागे पाहिले नाही – हाक मारली.

तिने मान वळवली. मग मागून व्याह्यांनी मारली, जरा कापऱ्या आवाजात. तिने पुन्हा वळवली.

ही वही कोणी वाचावी अशी नाही. पण वाचलीच, तर त्या प्रत्येकाला नावाने हाक मारणारे कोणीतरी असो, आणि ती हाक कितीही दुरून आली तरी त्याच्यापर्यंत पोचो. तथास्तु.