तोंड बांधायची पट्टी

येडशी, ९ जानेवारी १९४४
दवाखान्यात गुरांचेच तक्ते भरतो. घरच्या कुत्र्या-मांजरांना कोण मोजतं? आज स्वतःहून फिरलो. सात कुत्री, चार मांजरं. खोकणारं एकच: किराणावाल्या शिवाप्पांचा मोती, तिसरं घर. नाकाला पिवळा चिकटा. पट्टीनं तोंड बांधून तपासला. शिवाप्पा म्हणाले, "डाक्टरसाब, आमच्या नाडीपरीस कुत्र्याची नाडी बघायचा लई शौक तुम्हाला."

१० जाने.
मेंढवाड्यावर. तुळसाबाई एकट्या, मेंढरं चाळीस. रामलिंगच्या रानातून लांडगे येतात, राखण वाघ्याची. पट्टी बांधताना गुरगुरला. धडधाकट.

२० जाने.
मोती गेला. वाघ्या खोकतो. ताप.

२२ जाने.
तक्ता पुन्हा मांडला. मोतीच्या आधी पाहिलेली दोन कुत्री ठणठणीत. नंतरची चार, शिवाय वाघ्या, पाचही आजारी. घरं लांब लांब, पाणवठे वेगळे. सगळीकडे गेलेला फक्त मी.
दर घरी हात धुतो. पट्टी मात्र घडी करून खिशात. कधी धुतली होती?
मांजरं चारही बरी. त्यांना पट्टी लागत नाही. की त्यांना हा रोग होतच नाही? पुस्तक चाळलं: होत नाही, म्हणजे मांजरांवरून पट्टीचं काहीच ठरत नाही. स्वतःला सोडवायची वाट शोधत होतो, हेही खरं.

२३ जाने.
पट्टी चुलीत घातली. सौ. म्हणाली, "दुसरी फाडून देते. आधी त्या बाईंना जाऊन सांगा."
गेलो नाही. गुरं फार आली होती. (तीनच आली होती.)

२४ जाने.
सांगितलं. तुळसाबाई लोकर पिंजत होत्या, हात थांबला.
"म्हंजी हे दुखणं तुमी आनलं?"
"बहुधा."
"बहुधा न्हाय. व्हय का न्हाय?"
"होय."
लोकर बाजूला सारली. म्हणाल्या, "वाघ्या उठंस्तवर राखण तुमी करायची."
चेष्टा वाटली. नव्हती.
राहिलेल्या चार घरीही सांगितलं. शिवाप्पांकडेही गेलो; मोती आधीच आजारी होता, त्यात माझा दोष नाही, तरी तिथं बोलणं सर्वांत जड गेलं.

२८ जाने.
चौथी रात्र राखणीची, कंदील घेऊन वाड्यापाशी. लांडगा नाही. वाघ्यानं दूध-भाकरी खाल्ली, खोकला कमी. पण मागच्या डाव्या पायाला मधूनच झटका येतो. पुस्तकात याचं बरं लिहिलेलं नाही. सगळीच कुत्री मरतात असंही नाही.
तुळसाबाईंनी पाहिलंच. "हे बरं का वाईट?"
'बहुधा' ओठांवर आलं होतं. म्हणालो, "वाईट असू शकतं. मला ठाऊक नाही."
"मग उद्या कंदिलात तेल भरून आना," म्हणाल्या.