भूत आलंच नाही

ता. ४

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र संपेपर्यंत आईला फोन करू नकोस. तुमच्या गावच्या वाचनालयातला सिनेमांचा विभाग तू सांभाळतेस, म्हणून तुलाच लिहिते.

मी आणि शेजारच्या मैत्रिणीने आमच्या वाचनालयातून भुताचा सिनेमा आणला. परीक्षेपर्यंत आईची सक्त मनाई आहे. म्हणून ती डिस्क मी आजीच्या शूटिंगच्या डिस्कच्या डबीत लपवली, कारण आजी गेल्यापासून ती डबी घरात कोणी उघडत नाही. आजीची डिस्क तेवढ्यापुरती वाचनालयाच्या डबीत ठेवली. मी शाळेत असताना मैत्रीण मदत म्हणून वाचनालयाची डबी परत करून आली. आता ती दुसरंच कुणी घेऊन गेलंय. माझी पाचावर धारण बसली आहे. तुझ्याकडे आजीच्या डिस्कची दुसरी प्रत आहे ना?

तुझी,
टकळी

ता. ७

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

प्रत नाही. शूटिंग मीच केलं होतं, पण मूळ टेप कधीच खराब झाली. तुझं पत्र वाचून आधी हसले, मग धास्तावले. आजीचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. मलाही ती डिस्क लावायचा धीर झालेला नाही, पण ती घरात आहे एवढा आधार होता.

तुमच्या काउंटरवरच्या महाशयांनी डबी उघडून बघायला नको? मी असते तर तिथेच पकडलं असतं. असो. डिस्क कोणी नेली ते सांगणार नाहीत, सांगूही नये. तू भुताची डिस्क घेऊन जा, खरं सांग, ते त्या घरी निरोप देतील. पण त्याआधी आईला सांग. बोलणी खा, माझ्या वाटणीचीही खा.

तुझी काळजीत पडलेली,
मावशी

ता. १८

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

डिस्क मिळाली!

आईला सांगितलं तेव्हा ती ओरडलीच नाही. ते फार वाईट होतं. दुसऱ्या दिवशी काउंटरवर ती माझ्याबरोबर आली. नंतरचे सहा दिवस आम्ही दोघी रोज चक्कर मारत होतो. काल डबी परत आली आणि आत एक चिठ्ठी होती. जशीच्या तशी उतरवते:

‘आम्ही घरातले पाचजण दिवे मालवून बसलो होतो. शेवटपर्यंत वाट पाहिली, भूत आलंच नाही. पण शिवणयंत्रावरच्या त्या आजींना कुणीतरी सुईत दोरा ओवून द्या हो. कॅमेरावाल्या बाईंना त्या किती वेळा सांगतात!’

आई काउंटरवरच हसत सुटली आणि हसता हसता रडली. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी तिने डिस्क लावली. आजी तुझ्यावर करवादली तेव्हा आईने मोठ्याने आजीची बाजू घेतली, अगदी आजी समोर बसली असल्यासारखी. मग मला म्हणाली, मावशीला लिही, सुट्टी काढून ये, तुझ्याशिवाय आम्ही पुढचं बघणार नाही. अर्ध्यावर थांबवून ठेवलंय.

राग उरला असेल तर येताना घेऊन ये, लोभ आधी पाठव.

तुझी,
टकळी