लीड्सच्या पुस्तकाची जोडलेली पानं

रिसोड, चैत्र वद्य ४, शके १८५२

आज बशीरभाई रंगारी लीड्सचं माहितीपुस्तक परत न्यायला आले. तिथल्या विद्यापीठात त्यांच्या रशीदला कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला जागा मिळत होती. पौषात टपालानं पुस्तक आलं, ते त्यांनी न उघडताच, मी इंग्रजी जाणणारा मास्तर म्हणून, माझ्या हाती दिलं. "तुमी सांगान तसं करू."

आठ दिवसांनी मी म्हणालो, "सगळं वाचलं. लंडन असतं तर गोष्ट वेगळी. हे गाव कोणाला ठाऊक?" मलाच ठाऊक नव्हतं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? रशीदनं नकार कळवला. आता तहसिलीत नकला उतरवतो.

बशीरभाईंनी पुस्तक उघडलं. पानं कडेला जोडलेलीच, छापखान्यातून आली तशी. कडा कापल्याशिवाय आतलं वाचताच येत नाही, आणि एकालाही सुरी लागलेली नाही. त्यांचा निळा अंगठा त्या कडेवरून फिरला. माझे कान तापले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

तेच म्हणाले, "पावसानं चिटकून गेली वाटते, मास्तर. तुमी तं वाचली होती."

टोमणा असता तर सोसला असता. माणूस मला वाट काढून देत होता. आणि मी मान हलवली! म्हणालो, "हो, हवाच दमट."

बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं.