मागच्या खोलीसाठी राउटर

रविवार, जळगाव

उगाच मोठा राउटर घेतला का? पण आईची खोली अगदी मागे. तिथून ती धरणगावच्या मावशीला व्हिडिओ कॉल करते, आणि रोज मावशीचा चेहरा मध्येच थिजतो, तोंड अर्धं उघडं. आई घाबरते. धरणगावला आमची घरं पाठीला पाठ लावून होती. ज्वारीचे बिबडे वाळत घालताना दोघी भिंतीवरून तासन्‌तास बोलायच्या. दुकानदार म्हणाला, "जोडीचा घ्या, ताई. एक डबा मागच्या खोलीत ठेवा." घेतला. आज तो चेहरा थिजला नाही.

"दिखस का व?" मावशीने विचारलं.

"बठ्ठं दिखस," आई म्हणाली, सगळं दिसतं म्हणून.

मग दोघी आपापल्या घरी वाती वळत बसल्या. मीही तिथेच बसले. फोन कुणीच बंद करेना.