खिशातली नाणी

ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर मिळतं. आईचा गुडघा कसा आहे? तिला पत्र इथपर्यंतच वाचून दाखव.

इमारत उठण्याआधी मैदानात पुरलेलं भंगार लोखंड शोधून काढायचं, हे माझं काम. जमिनीतला धातू हेरणारा डिटेक्टर चालवायला एका म्हाताऱ्या कामगाराने शिकवलं. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. यंत्र डावीकडून फिरवा की उजवीकडून, नाणं एकसारखं वाजतं, बाटलीचं झाकण खरखरतं, खिळा तुटक बोलतो. पहिल्या आठवड्यात मी नाणी समजून पिशवीभर झाकणं काढली. उस्ताद पोट धरून हसले. आता माझा कान चुकत नाही.

सोमवारी कुंपणालगत स्वच्छ आवाज आला. खणलं तर सहा नाणी, एकमेकांना चिकटलेली, भोवती कुजलेलं कापड. दोन पावलांवर पुन्हा तोच आवाज. मग पुढेही, सरळ ओळीत, अकरा ठिकाणी.

उस्तादांनी माझा हात धरला. "सांडलेली नाणी विखुरतात रे. ही खिशात आहेत."

ते मुकादमाला सांगायला गेले. मुकादमाने येऊन पाहिलं आणि म्हणाला, "कचरा आहे. माती लोटा."

मंगळवारपासून उस्ताद दिसले नाहीत. गावी गेले म्हणतात, पण त्यांचा चष्मा आमच्या खोलीत उशाशीच आहे.

आज मुकादमाने विचारलं, "कुंपणाशी काय सापडलं होतं?"

"कचरा," मी म्हणालो. त्याने माझी पाठ थोपटली.

त्या कापडात घराची एक किल्लीही होती. ती या पाकिटात घातली आहे. माझ्याजवळ नको. तू सांभाळ.

तुझा धाकटा